दहा मिनिटं पुढे

रोज बिघडणारं यंत्र एक वेळ परवडतं. मनात येईल तेव्हा बिघडणारं परवडत नाही. रोज बिघडणाऱ्याला उघडून तरी बघता येतं. दुसरं मात्र दुरुस्ती करणारा दारात आला की शहाण्या बाळासारखं चालू लागतं आणि बोलावणाऱ्यालाच खोटं पाडतं. कारीवणे केंद्राचं बरेच दिवस हेच चाललं होतं.

कोल्हापूरच्या नियंत्रण कक्षात हेमांगी रेडेकर नेटवर्कचं काम बघायची. समोरच्या मोठ्या पडद्यावर जिल्ह्यातली सगळी डायलिसिस केंद्रं हिरव्या ठिपक्यांनी दिसत. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आजऱ्याच्या पलीकडच्या डोंगरातला कारीवण्याचा ठिपका लाल व्हायचा. कधी आठवड्यातून तीनदा, कधी एकदाच. खाली तीच कोरडी ओळ उमटायची : प्रवेश नाकारला. का नाकारला, कुणी नाकारला, काही नाही. दार आतून लावून घेतलेल्या माणसासारखं ते केंद्र गप्प बसायचं. चार-पाच मिनिटांनी आपलं आपण हिरवं व्हायचं.

आणि नेमका त्याच गडबडीत आप्पांचा, तिच्या वडिलांचा, फोन यायचा.

"हेमा, च्या घेतलास काय?"

"आप्पा, नंतर बोलते. इथं गडबड चाललीय."

"बरं बरं. कर तुझं काम. आमचं काय न्हाई."

नंतर बोलायचं राहूनच जायचं. तिनं उलटा फोन लावला की तो लागायचा नाही. आप्पांच्या बोरमाळ वस्तीवर माणसांपेक्षा हत्ती जास्त आणि हत्तींपेक्षा रेंज कमी, अशी परिस्थिती. मंगळावर गाड्या फिरत होत्या, पण बोरमाळला फोन लागत नव्हता.

हे लाल ठिपक्याचं प्रकरण एवढं गंभीर का, ते समजायला देहप्रत समजून घ्यायला हवी. पूर्वी डायलिसिसचे वार ठरलेले असत आणि यंत्र सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं. घरी जाताना पेशंट पिळून काढल्यासारखा व्हायचा. मग देहप्रत आली. म्हणजे माणसाच्या शरीरातलं पाणी, क्षार, हृदयाचं चालणं, रक्तवाहिन्यांचा ताण या सगळ्याची गणितातली एक नक्कल. डायलिसिस संपलं की रक्ताचे आकडे कोल्हापूरला जायचे. तिथला मोठा संगणक सगळं गणित नव्यानं मांडून ताजी प्रत केंद्राकडे पाठवायचा. पुढच्या वेळी कधी यायचं, किती पाणी काढायचं, किती सावकाश काढायचं, हे ती प्रत सांगायची. पायात गोळे येणं थांबलं, गळून जाणं थांबलं. आणि यंत्रही इतकं आटोपशीर झालं की कारीवण्यासारख्या गावात दोन खोल्यांत केंद्र निघालं.

या नव्या नवलाईला खालून टेकू मात्र जुन्या विंडोज संगणकाचाच होता. यंत्राला मान्यता मिळाली ती त्या संगणकासकट. तो बदलायचा तर मान्यतेचा सगळा खटाटोप पहिल्यापासून. तेव्हा कुणी त्याला हात लावत नव्हतं.

ताजी प्रत वेळेत पोचली नाही तर यंत्र जुन्या प्रतीवर चालतं. बहुतेक वेळा त्यानं काही बिघडत नाही. पण गेल्या महिन्यात पारूबाई नावाच्या बाईंच्या अंगातून जुन्या प्रतीच्या हिशेबानं जास्त पाणी निघालं आणि त्यांचं ब्लडप्रेशर धाडकन उतरलं. केंद्राच्या सिस्टरनं पाय वर करून, सलाईन लावून त्यांना सावरलं. बाई वाचल्या, पण कोल्हापुरात बैठक बसली.

"शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर कारीवणे बंद," विभागप्रमुख इनामदार म्हणाले. "मला आनंद नाही होत, हेमांगी. पण पुढची पारूबाई वाचेलच असं नाही. पेशंट गडहिंग्लजला जातील."

"सर, त्यात माझे वडीलही आहेत."

"माहीत आहे. म्हणून तुला आधी सांगितलं."

ती जागेवर येऊन बसली. आप्पांना गडहिंग्लजचा प्रवास झेपणार नव्हता. म्हणजे बोरमाळ सोडून तिच्याकडे कोल्हापूरला यावं लागणार. आणि हा विचार येताच तिला आतून बरं वाटलं! आई गेल्यापासून ती त्यांच्या मागे लागली होती. खोली तयार होती, पलंग आणून ठेवला होता. आप्पांचं उत्तर ठरलेलं : "तितं चौथ्या मजल्यावर बसून मी काय कबुतरं मोजू?" आता केंद्रच बंद झालं तर प्रश्न मिटला. तिनं काहीच करायचं नव्हतं, फक्त कारण सापडू द्यायचं नव्हतं. स्वतःच्या मनाची तिला लाज वाटली आणि तिनं जरा जास्तच जोरानं की-बोर्ड पुढे ओढला.

तपासाला एक स्वयंचलित प्रणाली होती. ऑफिसात तिला सगळे फौजदार म्हणत. ठिपका लाल झाला की फौजदार वेगळ्या वाटेनं त्या संगणकात शिरायचा, साफसफाई करायचा, सगळं तपासायचा आणि कळवायचा : दोष आढळला नाही. वायर ठीक, स्विच ठीक, पत्ते ठीक. तोवर ठिपका हिरवाही झालेला असायचा. फौजदार यायच्या आधीच चोर साव होऊन बसायचा.

मंगळवारी पुन्हा ठिपका लाल झाला. फोन वाजला. "आप्पा, नंतर बोलते," तिचे शब्द तोंडातून निघाले आणि तिथेच थबकले. हे वाक्य ती गेल्या वेळी याच पडद्यासमोर उभी राहून बोलली होती. त्याच्या आधीही.

"आप्पा, थांबा. आज तुमचा नंबर होता?"

"व्हता की. आत्ताच झालं."

"गेल्या वेळी फोन केलात तेव्हा?"

"तवाबी. नंबर असला की मी गावात येतो, मग फोन लावतो. का गं?"

वार ठरलेले नसल्यानं हा मेळ आजवर कुणाला दिसला नव्हता; तिला दिसला तो फोनमुळे. आप्पांच्या दिवशीच केंद्र लाल होत होतं. आप्पांच्याच प्रतीत काही बिघडलं होतं का? त्यांच्या शरीरात असं काही चाललं होतं का, की त्याचं गणितच जुळत नव्हतं?

"पुढचा नंबर कधी आहे?"

"परवा. बेस्तरवारी."

"मी येते."

"तू? हितं? ये की. गाडी जपून चालीव."

गुरुवारी दुपारी ती कारीवण्यात पोचली. ग्रामपंचायतीच्या मागे केंद्र, दारात जास्वंद, आत दोन खुर्च्या, दोन यंत्रं आणि कोपऱ्यात तो जुना संगणक. त्याचा पडदा मुद्दाम पेशंटकडे वळवलेला, म्हणजे त्यांना आपले आकडे दिसावेत.

सिस्टर रोझलिन बारदेस्कर तिथं एकट्या सगळं सांभाळायच्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीला पिन घट्ट टोचलेली, आवाज मात्र चर्चच्या घंटेला मागं सारेल असा.

"या मॅडम. आप्पांची पोरगी ना? नाकावरून ओळखलं."

आप्पा खुर्चीत लवंडून शेजारच्या पेशंटला गोष्ट सांगत होते. केरबा रेडेकर एसटीचे ड्रायव्हर. आजरा-बोरमाळ ही कारीवण्यावरून जाणारी मुक्कामाची गाडी त्यांनी उभी हयात चालवली. कुणाची म्हातारी धावत येताना दिसली की इंजिन चालू ठेवून थांबायचे, आणि उशीर झाल्याबद्दल डेपोत बोलणी खायचे. आता त्याच रस्त्यावर विजेची, बिनड्रायव्हरची लहान बस धावत होती. तिची वेळ झाली की ती निघायची. तिला म्हातारी दिसत नव्हती असं नाही. दिसायची, पण थांबायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हेमांगीनं लॅपटॉप जोडला आणि कामाला लागली. वायर बदलून पाहिली. स्विच बदलून पाहिला. आप्पांची देहप्रत ओळीनं तपासली. प्रत ठणठणीत होती, वयाच्या मानानं आप्पाही ठणठणीत होते. तिच्या छातीवरचं एक ओझं उतरलं. पण कारण काही सापडलं नाही.

डायलिसिस संपलं. आप्पा चहा घेत पुन्हा गोष्टीला लागले. सिस्टरनी येता-जाता संगणकावर दोन-तीन बटणं दाबली आणि घंटेच्या आवाजात म्हणाल्या, "आप्पा, वेळ झाली हं! घड्याळ बघा!"

आप्पांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. "च्यायला, झाली की!" कप ठेवला, टोपी घातली. "हेमा, मी थांब्यावर जातो. तू ये मागनं." आणि काठी टेकत निघाले.

हेमांगीनंही सवयीनं मनगटाकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा मनगटाकडे. पडद्यावरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.

तेवढ्यात लॅपटॉपवर लाल ओळ आली : प्रवेश नाकारला. तिनं काहीही केलं नाही, नुसती बघत राहिली. मिनिटाभरात फौजदार दाखल झाला. त्यानं नियमाप्रमाणे पहिलं काम केलं ते संगणकाची वेळ कोल्हापूरच्या वेळेशी जुळवण्याचं. तिच्या डोळ्यांदेखत घड्याळ दहा मिनिटं मागे आलं. मग फौजदारानं तपासणी केली आणि ऐटीत कळवलं : दोष आढळला नाही. ठिपका हिरवा झाला.

तिला हसावं की रडावं कळेना. फौजदार आधी चोराचे पाय धूत होता आणि मग माग शोधत होता! वेळ दुरुस्त केल्याचं तो कळवायचाही. पण लाइट गेली की खेड्यातल्या सगळ्याच जुन्या संगणकांची वेळ चुकते, त्यामुळे ती ओळ कुणी मनावर घेत नव्हतं. हेमांगीही नाही.

"सिस्टर, घड्याळ तुम्ही पुढे केलंत?"

सिस्टर कापूस भरत होत्या. "हो. का? आमच्या घरचंही पुढेच असतं. तुमच्या नाही?"

तिच्याही होतं. कुणाच्या घरी नसतं?

तिनं सिस्टरना खुर्चीवर बसवलं आणि थोडक्यात समजावून सांगितलं. कोल्हापूरचा संगणक इथल्या संगणकाकडे येतो तेव्हा एक तिकीट घेऊन येतो. तिकिटावर वेळेचा शिक्का असतो. कुणी भामटा जुनं तिकीट चोरून आत शिरू नये, म्हणून इथला संगणक शिक्का आणि स्वतःचं घड्याळ ताडून बघतो. पाच मिनिटांपर्यंतचा फरक माफ. त्यापुढे तिकीट खोटं समजायचं आणि दार लावून घ्यायचं. घड्याळ दहा मिनिटं पुढे असलं की कोल्हापूरहून आलेली प्रत, घड्याळ जुळेपर्यंत, दारातच अडायची.

सिस्टरचा चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे पारूबाईंना त्या दिवशी…"

हेमांगीला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "त्यांना यंत्रावर घेतलंत तेव्हा ताजी प्रत याच्यामुळे दारातच अडली होती."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पावसाळ्याच्या आधी आप्पांची बोरमाळची शेवटची बस चुकली. गप्पा मारत बसले आणि ती गेली निघून. मी आत दुसऱ्या पेशंटजवळ होते. हे न सांगता चालत निघाले. ओढ्याच्या वळणावर टस्कर हत्ती उभा. वनखात्याची माणसं गस्तीवर होती म्हणून यांना जीपमध्ये घालून परत आणलं. थरथर कापत होते. रात्री इथंच, या खुर्चीत झोपवलं मी त्यांना."

"मला कुणी सांगितलं नाही."

"त्यांनी शपथ घातली. 'हेमाला कळलं तर मला कोल्हापूरला न्हेल' म्हणाले. मग मी काय करणार? नुसतं सांगून ते उठत नाहीत. घड्याळ दाखवलं की ड्रायव्हर माणूस लगेच उठतो. म्हणून त्यांच्या नंबरला घड्याळ पुढे करायला लागले." त्यांनी डोळे पुसले. "माझं चुकलं. तुम्ही काय लिहायचं ते लिहा."

हेमांगी बाहेर आली. आता कारणही हातात होतं आणि निमित्तही. नुसतं सिस्टरची चूक म्हणून हे वर कळवलं असतं तर सिस्टर गेल्या असत्या, केंद्र गेलं असतं, आणि आप्पा चौथ्या मजल्यावर आले असते. राग कुणावर काढावा तेही तिला कळत नव्हतं. हत्तीच्या तोंडातून वडील परत आले होते आणि लेकीला त्याचा पत्ता नव्हता.

थांब्यावर आप्पा एकटेच बाकावर बसले होते. हातात फोन.

"ये, बस. आत्ता तुलाच फोन लावत व्हतो," ते हसले. "मग ध्यानात आलं, तू हितंच हाईस."

ती शेजारी बसली. "आप्पा, तुम्ही नेहमी इथून फोन करता?"

"मग? वस्तीवर रेंज न्हाई. दवाखान्यात समद्यांच्या म्होरं काय बोलायचं? हितं निवांत दहा मिनटं गावत्यात."

"दहा मिनिटं?" तिनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनगटावर एसटीनं निवृत्तीला दिलेलं घड्याळ होतं, आणि ते बरोबर चालत होतं. "आप्पा, तुम्हाला माहीत होतं? सिस्टर घड्याळ पुढे करतात ते?"

"हात्तिच्या!" आप्पा म्हणाले. "जन्म एसटीत घालवलेल्या माणसाला दहा मिनटांचा फरक कळत न्हाई व्हय? पयल्याच दिवशी कळलं. पर ती बाई कुणाची कोण, माझ्या जिवासाठी येवढी धडपडती. तिला 'मला समजलं' म्हनून हिरमुसवू कशाला? मी आपला उठतो. आनि खरं सांगू? या दहा मिनटांत तुझा आवाज ऐकू येतो. मला तेवढं पुरं हाय."

हेमांगीला हुंदकाच फुटला. ज्या दहा मिनिटांनी पडदा लाल व्हायचा, ती दहा मिनिटं आप्पा तिच्यासाठी घेऊन बसत होते. आणि तो लाल पडदा बघतच ती त्यांना म्हणत होती, नंतर बोलते.

"आरं आरं, रडतीस कशापायी? गडबडीत असत्यात मानसं."

"आप्पा, हत्तीचं मला सांगितलं नाहीत."

"हत्तीनं तरी कुणाला सांगितलं?" आप्पा म्हणाले, आणि रडता रडता ती हसली.

मग बस येईपर्यंत ती दोघं बोलत बसली. आईच्या हातच्या सांडग्यांबद्दल, बोरमाळच्या फणसाबद्दल, तिच्या चौथ्या मजल्यावरच्या कबुतरांबद्दलही. बस आली, दार उघडलं. आप्पा सावकाश चढले, आणि बस आपल्या वेळेला, एक क्षणही न रेंगाळता निघून गेली. तिच्या मागच्या काचेतून आप्पांची टोपी वळणापर्यंत दिसत होती. माणूस आपल्या घरी चालला होता. त्याला तिथून उपटून आपल्या खोलीत लावायचा हट्ट हेमांगीनं त्या थांब्यावरच सोडून दिला.

ती केंद्रात परत आली आणि तिनं सिस्टरचे दोन्ही हात धरले. "सिस्टर, माझे वडील तुमच्यामुळे आहेत. हे उपकार मी कसे फेडू?"

"अहो, पण पारूबाई…"

"त्याही तुमच्यामुळेच आहेत. तुम्ही त्यांना सावरलंत. आणि संगणकाची वेळ कुणालाही बदलता येईल, असं मोकळं दार आम्ही ठेवलं होतं. लाइट गेल्यावर सारखे फोन येतात म्हणून आमच्याच ऑफिसनं सगळ्या केंद्रांना ती मुभा दिली. त्यानं काय होऊ शकतं, ते तुम्हाला सांगायचं काम आमचं होतं." तिनं तिथल्या तिथे ती मुभा काढून घेतली. "आता हे घड्याळ कुणालाच हलवता येणार नाही."

"मग आप्पांची बस?"

"तुमच्या घरी भिंतीवरचं घड्याळ आहे ना? ते आणा आणि इथं लावा. हवं तेवढं पुढे करा. भिंतीवरच्या घड्याळाला कुणी तिकीट विचारत नाही."

शुक्रवारी इनामदारांसमोर तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सिस्टरचं नाव, पारूबाईंचं नाव, हत्ती, बस, आणि ऑफिसनं दिलेली मुभा. सगळी केंद्रं तपासायला हवीत, असंही म्हणाली. फौजदारानं वेळ जुळवण्याआधी ती बघायला शिकलं पाहिजे, असंही.

इनामदार ऐकत राहिले. मग म्हणाले, "चूक आपली आहे. पारूबाईंची माफी मागायला मी स्वतः जाईन. सिस्टरचेही आभार मानायला हवेत. केंद्र चालू राहील." आणि जरा घुटमळून त्यांनी मनगट पुढे केलं. "माझंही थोडं पुढे असतं. चार मिनिटं."

"चार चालतात सर," हेमांगी म्हणाली. "पाचपर्यंत माफी आहे."

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी पडद्यावर कारीवण्याची ताजी प्रत सुटली, पोचली. ठिपका हिरवाच राहिला. फोन वाजला. हेमांगी खुर्ची वळवून पडद्याकडे पाठ करून बसली.

"हेमा, च्या घेतलास काय?"

"नाही अजून. तुमच्यासाठीच थांबले होते."

"गडबड न्हाई न्हवं?"

"न्हाई आप्पा," ती म्हणाली. "बस यायला अजून दहा मिनटं हाईत. बोला."